पॅकार्डच्या न आलेल्या गाड्या आणि चित्राखालची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन मोटारींवरचे सचित्र लेख हल्ली वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर येतात आणि त्यांत पॅकार्ड, ही डेट्रॉइटच्या कंपनीची आलिशान गाडी, हमखास असते, याचा आनंदच आहे. पण ‘१९५७ची पॅकार्ड, जी रस्त्यावर आलीच नाही’ अशा मथळ्याखाली जी चित्रे छापली जातात, त्यांत वेगवेगळ्या वस्तूंची सरमिसळ झालेली असते. प्रत्यक्ष बनलेली आणि आजही जपून ठेवलेली प्रदर्शनाची गाडी, चाचणीसाठी पत्रा ठोकून उभी केलेली आणि पुढे कापून टाकलेली गाडी, मातीचे पूर्णाकृती मॉडेल, नुसते कागदावरचे रेखाटन, हे सगळे ‘प्रोटोटाइप’ या एकाच नावाखाली जाते. त्यात आता संगणकाने रंगवलेल्या चित्रांची भर पडली आहे. कंपनी कुठवर पोहोचली होती आणि नेमकी कुठे अडली, हे अशा मथळ्यातून वाचकाला कळणे शक्यच नाही. पॅकार्डकडे शेवटपर्यंत कल्पनांचा तुटवडा नव्हता. पत्रा दाबायचे डाय, म्हणजे लोखंडी साचे, करायला पैसा मिळाला नाही. म्हणून या गाड्यांकडे पाहताना पुढची जाळी आणि मागचे पंख जरा बाजूला ठेवून आतल्या बॉडी-शेलचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या मूळ सांगाड्याचा, विचार आधी करावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

सर्वांत जास्त घोळ प्रिडिक्टर या पॅकार्डच्या प्रदर्शनाच्या गाडीबाबत होतो, म्हणून आधी तिच्याविषयी. प्रिडिक्टर बनली होती. विल्यम श्मिट यांच्या देखरेखीखाली डिक टीग यांनी तिची आखणी केली, इटलीत तुरीनच्या गिया कारखान्यात बॉडी हाताने घडवली गेली आणि जानेवारी १९५६ मध्ये ती शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली. आज ती इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथील स्टुडबेकर नॅशनल म्युझियममध्ये आहे. पुढे उंच, अरुंद, उभी जाळी. झाकणाखाली लपणारे हेडलाइट. चढताना डोके आपटू नये म्हणून दाराच्या वर छतातच सरकणारी पट्टी. बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या पुढच्या सीट. आणि उलटी कललेली, आत उतरणारी मागची काच. ती ‘न बनलेली पॅकार्ड’ नाही, आणि ‘१९५७ची पॅकार्ड’ही नाही. पुढच्या वर्षीच्या गाडीच्या रूपाची लोकांना सवय व्हावी, म्हणून केलेले ते प्रदर्शन होते.

तिच्यातले काय उत्पादनात येऊ शकले असते आणि काय नाही, हे चित्र बघूनही बरेचसे सांगता येते. उभी जाळी सहज आली असती. फक्त एवढ्या अरुंद तोंडातून मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून बाजूला किंवा बंपरखाली आणखी तोंडे ठेवावी लागतात. लपणारे हेडलाइट १९३६च्या कॉर्ड ८१० मध्ये येऊन गेले होते. तिथे ते डॅशबोर्डवरच्या हँडलने हाताने फिरवावे लागत. त्यांना मोटर जोडणे अवघड नव्हते, पण बर्फ गोठल्यावर झाकण अडकले तर चालक अंधारात, हा धोका होता. छतातली सरकती पट्टी मात्र खरी डोकेदुखी. दाराच्या वरची कड हा छताच्या मजबुतीचा भाग असतो, पुढचा खांब आणि मागचा खांब तीच जोडते. तिथे छेद घेतला की सगळा भार मधल्या पट्ट्यावर येतो. शिवाय दाराची काच, सरकती पट्टी आणि पुढच्या काचेची वरची चौकट ज्या कोपऱ्यात एकत्र येतात, तिथे तीन रबरी सील एका बिंदूवर मिळवावी लागतात. एकाची जाडी किंचित कमी पडली की पाणी सरळ चालकाच्या मांडीवर. एक गाडी हाताने घडवताना कारागीर तो कोपरा घासून, चढवून, उतरवून जुळवतो. असेंब्ली लाइनवर ती सवड नसते.

आता खऱ्या १९५७च्या योजनेकडे. १ ऑक्टोबर १९५४ रोजी पॅकार्ड आणि स्टुडबेकर या दोन मोटार कंपन्या एकत्र आल्या. त्यानंतर कंपनीचे अध्यक्ष जेम्स नॅन्स यांची योजना अशी होती की स्टुडबेकर, क्लिपर (पॅकार्डचीच कमी किमतीची गाडी) आणि पॅकार्ड या तिन्ही गाड्यांचे आतले शेल एकच ठेवायचे. म्हणजे काउल (पुढच्या काचेच्या पायाशी, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधला पत्र्याचा आडवा भाग), पुढची काच, दारांचे आतले पत्रे, छताचा सांगाडा, फरशीचा मोठा भाग समाईक. आणि बाहेरून दिसणारे फेंडर, बॉनेट, मागचे पंख, जाळी आणि दिवे प्रत्येकीचे वेगळे. लांबी वाढवायची ती काउलच्या पुढे किंवा मागच्या सीटच्या पाठीमागे, म्हणजे महागड्या समाईक भागांना हात लागत नाही. जनरल मोटर्स हेच वर्षानुवर्षे करत होती. पॅकार्डच्या न झालेल्या गाड्यांमधली सर्वांत मोलाची रचना कुठली असेल तर ती हीच, असे माझे ठाम मत आहे, आणि तिचे चित्र कुठेच छापले जात नाही, कारण त्यात दिसण्यासारखे काही नसते.

या शेलवर एवढा पैसा का लागतो, हे समजल्याशिवाय पुढचे कळत नाही. त्या काळची पद्धत अशी होती: आधी रेखाटने, मग भिंतीवर काळ्या टेपने पूर्ण आकाराची बाह्यरेषा, मग लाकडी आणि लोखंडी सांगाड्यावर गरम केलेली स्टुडिओची माती चढवून पूर्णाकृती मॉडेल. त्या मातीवरून ठरावीक अंतरावर पत्र्याचे टेम्प्लेट उतरवून पूर्ण आकाराचा बॉडी ड्राफ्ट काढला जाई. साधा कागद दमट हवेत फुगतो-आकसतो आणि एवढ्या लांबीत तो फरक चालत नाही, म्हणून तो ड्राफ्ट धातूच्या पत्र्यावर काढत. ड्राफ्टवरून प्रत्येक पत्र्याचे कठीण लाकडातले मॉडेल बने, त्याला एकमेकांशेजारी ठेवून कडा जुळतात का पाहिले जाई, आणि मग ते लाकूड चाचपत जाणाऱ्या कॉपी-मिलिंग मशीनवर ओतीव लोखंडाचा डाय कापला जाई. एका फेंडरला एक डाय पुरत नाही. एक खोल ओढणारा, एक कडा कापणारा, एक कडा वळवणारा, एक भोके पाडणारा, असे तीन-चार तरी लागतात. त्यानंतर डाय एकमेकांवर बसवून निळा रंग लावून घासत बसायचे, आणि ते काम आठवड्यांचे असते. खोल कोपऱ्यात पत्रा फाटतो, सपाट भागात लाटा पडतात, दाब काढल्यावर पत्रा स्प्रिंगबॅकने थोडा उघडतो आणि दाराची फट वर बारीक, खाली रुंद अशी दिसू लागते. ते सगळे डायमध्येच दुरुस्त करावे लागते. जस्ताच्या मिश्रधातूचे मऊ डाय स्वस्त पडतात, पण ते लवकर झिजतात. थोड्या गाड्यांपुरते ठीक. वर्षाला लाखभर गाड्या काढायच्या तर लोखंडाला पर्याय नाही, आणि हा सगळा खर्च पहिली गाडी विकण्याआधी करावा लागतो.

हा पैसा कंपनीला विमा कंपन्यांकडून कर्जाऊ हवा होता. १९५६च्या सुरुवातीला त्यांनी नकार दिला. त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. विलीनीकरणानंतर स्टुडबेकरचे हिशेब नीट तपासले तेव्हा ना नफा ना तोटा या पातळीला यायलाच वर्षाला सुमारे २,८२,००० गाड्या विकाव्या लागतील असे निघाले, आणि प्रत्यक्ष विक्री त्याच्या जवळपासही नव्हती. पॅकार्ड आणि क्लिपर मिळून १९५५च्या मॉडेलच्या सुमारे ५५ हजार गाड्या झाल्या होत्या. १९५६च्या सुमारे २९ हजार. या आकड्यांवर डायसाठी कर्ज कोण देणार?

पण सगळे खापर स्टुडबेकरवर फोडण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला पटत नाही. मूळ दुखणे त्याआधीचे, ब्रिग्जचे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पॅकार्डच्या बॉडी ब्रिग्ज कंपनी बनवत असे. १९५३च्या अखेरीस क्रायस्लरने ब्रिग्जचा बॉडीचा धंदा विकत घेतला आणि १९५४च्या मॉडेलनंतर पॅकार्डला बॉडी मिळणार नाही असे कळवले. पॅकार्डला डेट्रॉइटच्या कॉनर ॲव्हेन्यूवरचा ब्रिग्जचा जुना कारखाना भाड्याने घ्यावा लागला. तिथे बॉडी आणि अंतिम जुळणी दोन्ही एकाच छताखाली कोंबली गेली. जागा अपुरी, माणसे नवी, आणि १९५५चे मॉडेल यांत्रिकदृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचे. गाड्या उशिरा निघाल्या आणि अर्धवट जुळवलेल्या निघाल्या. बॉडी बनवणारा हातचा गेला की त्याचे टूलरूम, त्याचे डायचे कारागीर आणि त्यांचा अनुभवही जातो. १९५७चे शेल ज्यांनी बनवायचे ते कारागीर आता क्रायस्लरच्या पगारावर होते. समाईक शेलची योजना योग्यच होती, पण तिचे डाय ब्रिग्ज सोबत असतानाच सुरू व्हायला हवे होते.

आणि जुने शेल किती ताणता येते हे पॅकार्डने आधीच दाखवून दिले होते. १९५५ची पॅकार्ड दिसायला नवी होती, पण तिच्या आतले शेल जॉन राइनहार्ट यांच्या १९५१च्या गाडीचेच. टीग यांनी पुढची काच बाजूंना वळवली, हेडलाइटवर पुढे आलेल्या भुवया दिल्या, मागे ते प्रसिद्ध उंच, चर्चच्या खिडकीसारखे दिवे बसवले आणि कमरेवरची उंच रेषा झाकण्यासाठी बाजूला रुंद पट्ट्या घेतल्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दारांची ठेवण आणि काउलची उंची लगेच ओळखू येते. क्रायस्लरच्या १९५७च्या गाड्या आणखी बुटक्या येणार होत्या. काउल खाली आणल्याशिवाय छत खाली येत नाही आणि काउल बदलणे म्हणजेच नवे शेल. ही वाट तिथेच संपत होती.

१९५७च्या गाडीचा चालता-फिरता नमुना बनला होता, हेही बहुतेक लेखांत सुटते. त्याला कारखान्यात ‘ब्लॅक बेस’ म्हणत. काळा रंग फासलेली, हाताने ठोकलेल्या पत्र्यांची, जेमतेम गाडी वाटावी अशी ती दिसायची, कारण तिचे काम यंत्रणा तपासण्याचे होते. नव्या मॉडेलचा कार्यक्रम बंद झाल्यावर ती गॅस कटरने कापून टाकण्यात आली. टीग यांनी पुढे ही हकिगत सांगितली आहे. तिचा कुठलाही ‘मूळ’ भाग आज कुणी विकायला काढला, तर घेणाऱ्याने पैसे खिशातच ठेवावेत.

या गाडीच्या पोटात काय जाणार होते ते मात्र कल्पनेतले नाही, कारण ते १९५५ आणि १९५६च्या गाड्यांत आलेच होते. विल्यम ॲलिसन यांची टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन ही त्यातली सर्वांत हुशार चीज. प्रत्येक बाजूला गाडीच्या लांबीने जाणारा एक पोलादी टॉर्शन बार पुढच्या आणि मागच्या चाकाला जोडलेला. पुढचे चाक खड्ड्याच्या काठावर चढले की बार पिळतो आणि तो पीळ मागच्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे धक्का चासीत न जाता दोन चाकांतच वाटला जातो. पण मागे माणसे किंवा सामान वाढले तर असा जोडलेला बार गाडीचे नाक वर करून बसतो. त्यासाठी आखूड बारांची दुसरी जोडी आणि विजेची मोटर. उंची बदलल्याचे एक स्विच ओळखतो आणि सुमारे ७ सेकंद थांबून मोटर चालू होते. हा उशीर मुद्दाम ठेवलेला, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला मोटर फिरत राहिली असती. बिघाड होतो तो बहुधा बारांत नाही, स्विच आणि सोलेनॉइडच्या गंजलेल्या संपर्कांत. एक संपर्क चिकटला की मोटर थांबत नाही आणि उभी गाडी एका बाजूला पूर्ण झुकेपर्यंत ती फिरत राहते. दुरुस्ती करणाऱ्याने गाडीखाली जाण्याआधी बॅटरीची केबल काढलीच पाहिजे, कारण जॅक लावून चाके मोकळी झाली की स्विचला उंची बदलल्यासारखे वाटते.

इंजिनाचेही तसेच. १९५५चे व्ही-८ साडेतीन इंच स्ट्रोक तसाच ठेवून, बोअर वाढवत ३२०, ३५२ आणि १९५६ मध्ये ३७४ घन इंचांपर्यंत गेले. पॅकार्डच्या कॅरिबियन या सर्वांत महागड्या मॉडेलमध्ये ते ३१० अश्वशक्ती देत होते. ठोकळा दणकट होता. दोष होता तो तेलाच्या पंपात. वायपरसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप तेलाच्या पंपाच्या खालीच जोडलेला होता. त्यातून हवा शिरली की तेलात फेस होतो, हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्ह उचलणारे भाग) त्या फेसावर नीट उभे राहत नाहीत आणि गाडी खडखडू लागते. अनेक जण लिफ्टर बदलत बसतात. बदलायचा असतो पंप. पुश-बटन गिअर निवडीतही विजेची छोटी मोटर होती, आणि उतारावर ‘पार्क’मध्ये अडकलेली गाडी सोडवायला तिची ताकद कमी पडे. १९५७च्या गाडीत हे सगळे आणखी एक वर्ष सुधारून आले असते.

कर्ज नाकारले गेल्यावर जे उरले ते कागदावर. फोर्डकडून लिंकनचे बॉडी-शेल मिळवून त्यावर पॅकार्डचा चेहरा चढवायचा, अशी कल्पना पुढे आली. तिची रेखाटने झाली, फोर्डशी बोलणे फिसकटले, विषय संपला. अशा चित्राखाली ‘प्रोटोटाइप’ लिहिणे सरळ चूक आहे. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटची शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्याच उन्हाळ्यात नॅन्स गेले आणि कर्टिस-राइट या विमान उद्योगातल्या कंपनीचे व्यवस्थापन आले. व्ही-८ बनवणारा मिशिगनमधला युटिकाचा कारखाना त्यांच्याकडे गेला, आणि पॅकार्डचे स्वतःचे इंजिनही संपले.

मग १९५७ मध्ये पॅकार्ड या नावाने जे विकले गेले ते साउथ बेंडमध्ये बनलेल्या स्टुडबेकर प्रेसिडेंटवर. २८९ घन इंचांचे स्टुडबेकर इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर, २७५ अश्वशक्ती. मागचे दिवे १९५६च्या क्लिपरचे उरलेले. ४,८०९ गाड्या झाल्या. १९५८ मध्ये चार हेडलाइटची फॅशन आली, तर नवा फेंडर दाबायला डाय नाहीत; म्हणून जुन्याच फेंडरच्या टोकाला फायबरग्लासचे डबे चिकटवून त्यांत दोन-दोन दिवे बसवले. त्या डब्याचा आणि पत्र्याचा सांधा जवळून पाहिला की रंगाखालीही ओळखू येतो, कारण दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे फुगतात आणि तिथे रंगाला केसासारखी चीर जाते. डायविना कंपनी काय करू शकते याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. त्या वर्षी २,६२२ गाड्या झाल्या आणि नाव संपले.

पॅकार्डच्या इतर नमुन्यांचा उल्लेखही लेखांत येतो, त्यांबद्दल थोडक्यात. १९५४ची पँथर फायबरग्लासची होती आणि चार बनल्या. १९५५ची रिक्वेस्ट ही त्याच वर्षीच्या ‘फोर हंड्रेड’वर जुन्या पॅकार्डची खांदेदार उभी जाळी बसवून केलेली एकच गाडी, ग्राहकांच्या मागणीवरून. १९३०च्या दशकाच्या आरंभी कॉर्नेलियस व्हॅन रॅन्स्ट यांच्या साहाय्याने पुढच्या चाकांना शक्ती देणारी १२ सिलिंडरची गाडी करून पाहिली होती. ती रचना सोडून दिली, पण इंजिन मोठे होऊन पॅकार्डच्या १९३२च्या ट्विन सिक्स या १२ सिलिंडरच्या गाडीत आले. सोडून दिलेल्या नमुन्यातूनही काय हाती लागते याचे हे चांगले उदाहरण आहे, त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

माझी विनंती एवढीच की अशा चित्राखाली चार गोष्टी द्याव्यात: वस्तू कोणत्या टप्प्यावरची आहे (रेखाटन, माती, चाचणीची गाडी की प्रदर्शनाची), वर्ष, बॉडी कोणी घडवली, आणि आत कोणते शेल व इंजिन होते. आणि जुने म्हणून आलेले रेखाटन छापण्याआधी मोटारीची थोडी जाण असलेल्या माणसाला दाखवावे. मागचे दार चाकाच्या कमानीत घुसते का, पुढची काच इतकी खाली उतरते का की इंजिनावरचा एअर क्लीनर बॉनेटमधून वर येईल, चालकाच्या डोक्याला छताखाली जागा उरते का, हे तो क्षणात सांगेल. पेशाने आखणी करणारे जाळी आणि पंख कितीही रंगवत, पण चाके, सीट आणि काउल यांचे अंतर धरूनच काढत. संगणकाच्या चित्रांत नेमकी हीच अंतरे विसकटलेली असतात. अशी चित्रे छापायची असतील तर खाली ‘काल्पनिक’ असे लिहावे. आणि प्रिडिक्टरच्या छायाचित्राखाली यापुढे ‘कधीही न बनलेली’ हे शब्द येऊ नयेत. साउथ बेंडच्या संग्रहालयात ती आहे, असे लिहावे.

कळावे,
आपला,
क्लासिक मोटारींचा एक अभ्यासक वाचक